नटाभोवतीचं तेल

त्या दिवशी व्हॅक्यूम पंप माझ्याजवळ नव्हता. त्याची मोटर जळाली होती आणि तो दुरुस्तीला जालन्याला गेला होता. चैत्र अर्धा सरलेला. चिखलीत दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं आणि माझा फोन मात्र एक मिनिट गप्प बसत नव्हता. ज्याला त्याला एसी आजच बसवून पाहिजे होता. पंप येईपर्यंत दोन दिवस काम बंद ठेवतो, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

नवीन एसी बसवताना घरातला गार करणारा भाग आणि बाहेरचा डबा यांच्यामध्ये तांब्याच्या दोन नळ्या जोडतात. त्या नळ्यांत हवा असते, हवेत ओल असते. ती आधी पंपानं ओढून काढायची. मग सांध्यांना साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का ते बघायचं. सगळं ठीक असेल तरच बाहेरच्या डब्यात कोंडलेला गॅस नळ्यांत सोडायचा. हे सगळं धरून तासभर जातो. पंप नसला की काही मिस्त्री थोडा गॅस सोडून त्याच्याच जोरानं हवा बाहेर ढकलतात आणि नट आवळून मोकळे होतात. दहा सेकंदांचं काम. हे चुकीचं आहे हे मला आयटीआयपासून माहीत होतं. त्या आठवड्यात मी चार घरी असंच केलं होतं. पाचवं घर काकांचं. नात्यातले नव्हते, गिऱ्हाईकच; वयाकडे बघून मी काका म्हणायचो.

काकांचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि तिचा बुटका स्लॅब. काका वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. अंगानं काटक, डोकं पूर्ण पांढरं, आणि शर्टाच्या खिशात पेनच्या जागी टेस्टर. मी आणि माझा जोडीदार बाहेरचा डबा स्लॅबवर चढवत होतो तेव्हा काकांनीही दोराला हात लावला. आम्ही नको नको म्हटलं.

"अरे, वरवट बकालकडं नोकरीले असताना मी खांद्यावर तारेचे गुंडे घेऊन नाले पार केले," ते म्हणाले. "हा डबा कायचा जड हाये!"

डबा चढवून जोडीदार दुसऱ्या कामावर निघून गेला. पुढचं मी एकटाच करणार होतो. काकांनी एसीसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आधीच ओढून ठेवली होती. पॉइंट उघडून बघितला तर आत इतकं स्वच्छ काम, की मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. प्रत्येक वायरचं टोक सारखं सोललेलं, स्क्रू सरळ, उगीचची गुंतवळ नाही. अख्ख्या घराची वायरिंग त्यांनीच केलेली, वीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी एकेक खोली धरून. अंगणात अर्थिंगचा खड्डा होता. त्यात कोळसा-मीठ भरलेलं आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज एक तांब्या पाणी ओतायचा त्यांचा नेम.

"नोकरीत माह्या हाताखाली कोणाले शॉक लागला नाही," ते म्हणाले. सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. पाऊस यंदा बरा झाला असं कोणी म्हणावं, तसं म्हणाले.

एसी लेकीसाठी होता. लेक देऊळगाव राजाला दिलेली, पहिलं बाळंतपण, नववा महिना भरत आलेला. काकूंनी खोलीत नवी चादर अंथरून ठेवली होती आणि मी भिंतीला भोक पाडलं तसा त्यावर जुनं लुगडं पसरलं.

नळी कापल्यावर तिचं तोंड कर्ण्यासारखं फुलवावं लागतं, म्हणजे ते नटाशी घट्ट बसतं. फुलवण्याआधी कापलेल्या काठावरचा तांब्याचा बारीक कीस घासून काढायचा असतो. तो मी काढला नाही. फोन वाजत होता, पुढचं घर खोळंबलं होतं. नट आवळला, थोडा गॅस सोडून हवा ढकलली, वाल्व उघडले. साबणाचं पाणी बादलीत तसंच राहिलं.

काका खालून शिडीशी उभे होते. हातात मशीनसोबत आलेली पुस्तिका, नाकावर चष्मा.

"याच्यात लिहेल हाये, व्हॅक्यूम कराव लागते म्हणून," ते म्हणाले. "झालं का ते?"

"झालं, काका," मी म्हणालो.

काकूंनी चहा आणला. मी चहा प्यालो आणि गेलो. खोली अर्ध्या तासात गार पडली होती.

अठरा-वीस दिवसांनी काकांचा फोन आला. मशीन गार करत नव्हतं आणि आतून पाणी टपकत होतं. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, उलट संकोचलेला होता. "तुह्या सवडीनं ये, पण लेकरू हाये घरात," असं म्हणाले.

लेक आठवड्यापूर्वी बाळंत झाली होती. मुलगी झाली होती. मी गेलो तेव्हा काकू पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या होत्या आणि लेक भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. मी खाली मान घालून मशीनचं झाकण उघडलं. आतल्या नळ्यांच्या जाळीवर पांढरा बर्फ चढला होता. गॅस कमी झाला की असा बर्फ धरतो. मग मी मागे स्लॅबवर गेलो. बाहेरच्या डब्याजवळ, मी आवळलेल्या नटाभोवती तेलाचा काळपट डाग होता, त्यावर धूळ चिकटली होती. गॅससोबत थोडं तेल फिरत असतं. सांधा गळला की गॅस उडून जातो, तेल तिथेच राहतं. बोट लावायची गरज नव्हती. माझा सांधा गळला होता आणि तो का गळला हे मला ठाऊक होतं.

"काय निघालं?" काका खालून विचारत होते.

मी उत्तर काय दिलं ते नीट लिहितो, कारण नंतर कितीदा तरी मी ते मनात बदलून पाहिलंय.

मी म्हणालो, "काका, सप्लायचा प्रॉब्लेम दिसतो."

खरं सांगितलं असतं तर काका रागावले नसते. हे मला तेव्हाही वाटलं होतं. पण "झालं" हा शब्द मी त्यांच्या तोंडावर बोलून गेलो होतो. नट ढिला राहिला, एवढं कबूल करणं सोपं होतं. खोटं बोललो हे कबूल करणं जमेना. आणि चिखली म्हणजे काही फार मोठं गाव नाही. विहाराच्या गल्लीत सकाळी बोललेलं संध्याकाळी बाजारात पोचतं.

"मी रोज मोजतो," काका म्हणाले. "दोनशे आठ, दोनशे दहा येते. दुपारी थोडं कमी."

"तसं नाही, काका. हे नवीन मशीन आहे, इन्व्हर्टरचं. सुरू होतं तेव्हा क्षणभर व्होल्टेज पडतं, ते साध्या मीटरात दिसत नाही. एसीची वायर नवी असली तरी मेनपासूनची बाकीची वायरिंग जुनी झाली ना. कुठेतरी जॉइंट तापत असेल."

जॉइंट तापत असेल. हे मी का जोडलं, माहीत नाही. सप्लाय म्हणून थांबलो असतो तर दोष खांबावर गेला असता, खात्यावर गेला असता. कुणाच्याच अंगावर गेला नसता.

 काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"असं म्हणता?" ते म्हणाले. एवढा वेळ ते मला 'तू' म्हणत होते.

मला नळीचं तोंड कापून नव्यानं करायचं होतं आणि ते त्यांच्यासमोर करता येत नव्हतं. म्हणून मी त्यांना मीटरजवळ पाठवलं. "तुम्ही तिथे थांबा, मी मशीन चालू-बंद करतो, तुम्ही आकडा सांगत राहा," असं म्हणालो. मीटर पुढच्या पडवीत होता आणि पडवीवर पत्रे. सकाळचे अकरा वाजून गेले होते. काका मल्टिमीटर घेऊन त्या पत्र्याखाली उभे राहिले आणि तिथून ओरडून आकडे सांगू लागले.

"दोनशे नऊ! दोनशे नऊच हाये!"

मी नट सोडला. नळी कापली. या वेळी कीस नीट घासून काढला.

"दोनशे सात! पाह्य, पडलं का?"

"पडलं, काका. तसंच थांबा."

नवं तोंड फुलवलं, नट आवळला. पंप या वेळी सोबत होता. तो लावला आणि जितका वेळ लावायला पाहिजे तितका लावला. तोवर मशीन मी एकदाही चालू केलं नाही. काका मध्येच थकून गप्प व्हायचे आणि मग काम चुकू नये म्हणून घाईघाईनं पुन्हा आकडा सांगायचे. काकूंनी त्यांना स्टूल नेऊन दिलं. ते बसले नाहीत. बसलं तर आकडा दिसत नाही म्हणाले.

गॅस भरला, साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. खोली गार झाली. व्होल्टेजच्या झटक्यानं गॅसही गेला होता असं सांगितलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. काकू पैसे आणायला उठल्या तर मी हात जोडले.

काका घामानं भिजले होते. म्हणाले, "चूक माह्या वायरिंगची, अन् भरपाई तू करून राह्यला. चांगला माणूस हायेस बापा तू."

मी पिशवी भरली आणि निघालो. गाडीवर बसल्यावर मला हलकं वाटलं. तेही लिहितो, कारण खरंच वाटलं होतं.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या गल्लीत गेलो नाही, काम नव्हतं म्हणून. मग तिथल्याच एका घरचा फ्रीज बिघडला. जाताना काकांच्या ओट्यावर जुन्या वायरींचा ढीग दिसला, नीट गुंडाळून बांधलेला. शेजारी लाकडी पट्ट्या, जुनी बटणं, खिळे एका डब्यात. आधी मला वाटलं, रंग देत असतील. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला बोलावलं.

"पाणी घ्या भाऊ. हे झोपेल हायेत. बरं नाही यायले."

मी उभ्यानंच पाणी प्यालो. ढिगाकडे बघून विचारलं, "हे काय काढलं?"

"अजून काय, वायरिंग," काकू म्हणाल्या आणि सुपातले खडे वेचत सांगू लागल्या. 

मी गेलो त्याच संध्याकाळी काकांनी मेन बंद केला होता. जॉइंट तापतो म्हणजे आग लागू शकते, आणि घरात आठ दिवसांचं लेकरू. एक रात्रही ती वायर चालू ठेवायला ते तयार होईनात. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी पट्ट्या उखडायला सुरुवात केली. काकू म्हणाल्या वायरमन बोलावू, लेक म्हणाली बाबा मी गेल्यावर करा. ऐकलं नाही. चार दिवस स्टुलावर चढून, हात वर करून, एकट्यानं त्यांनी घराची वायर न् वायर बाहेर ओढली आणि नवी टाकली. चार दिवस ना पंखा, ना एसी. दुपारी खोलीत थांबवत नव्हतं. बाळाच्या अंगावर घामोळं उठलं, तिसऱ्या दिवशी अंग तापलं. दवाखान्यात नेलं. बाळ बरं झालं, पण जावई आले आणि लेकीला घेऊन गेले.

"सव्वा महिना राह्यणार होती," काकू म्हणाल्या. "बाराव्या दिवशी गेली. बारसं तिकडंच झालं. मी लाडू करून ठेवले होते, ते बसमधे पाठवले."

मी विचारलं, "मग... जॉइंट सापडला का, तापणारा?"

"तेच तं भाऊ!" काकूंनी सूप खाली ठेवलं. "एक जॉइंट खराब निघाला नाही. सगळे जशाच्या तसे. मी म्हटलं, पाह्या, काई नव्हतं. तं हे म्हणते कसे, मिस्त्री खोटं काऊन बोलन? म्हंजे जॉइंट खराब हाये, अन् मले दिसूनच नाही राह्यला. डोळेच गेले माहे. तवापासून असेच पडून राह्यते."

दरवर्षी वैशाखी पौर्णिमेला विहाराची रोषणाई काका करायचे. यंदा गल्लीतली माणसं बोलवायला आली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की माझ्या स्वतःच्या घरची वायरिंग खराब निघाली, माझ्या हातचं काम आता कोणी घेऊ नका. मग बाजारातून डेकोरेशनवाला आणला होता. शेजारी कोणाचा फ्यूज उडाला तरी आता काका जात नव्हते.

आत खाटेवर पाठमोरे काका दिसत होते. खुंटीवर शर्ट होता, खिशात टेस्टर नव्हता. माझ्या तोंडाशी आलं होतं. काकूंच्या हातात रिकामा पेला दिला आणि म्हणालो, "येतो काकू, फ्रीजवाले वाट पाहत असतील."

फ्रीजचं काम मी कसं केलं ते आठवत नाही.

पावसाळाभर मी ती गल्ली टाळली. सांगायला जाईन असं बऱ्याचदा ठरवलं. एकदा तर विहाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो आणि गाडी वळवली. बायकोला सांगितलं नाही. जोडीदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "एसी चालू हाये ना? मंग कायले उकरतं?" या धंद्यात असं होत राहतं, हे त्याचं म्हणणं. मी त्याला हो म्हटलं. पण कुठेही नट आवळून झाला की माझ्या कानात पत्र्याखालून ओरडून सांगितलेले आकडे यायचे. साबणाचं पाणी लावून झालं तरी मी परत लावायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्री फार काळजीनं काम करतो.

दसरा होऊन गेला होता. एका सकाळी दुकान उघडून बसलो होतो. एसीची कामं थांबली होती, तुरळक गिझर येत होते. काका पायरीवर येऊन उभे राहिले. अंगानं उतरले होते. हातात शाळेच्या पोरांची असते तशी शंभर पानी वही.

मी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही, बाकावर बसले.

"तुले वेळ असन तं एक काम होतं," ते म्हणाले. "हे नवीन मशीनची सप्लाय कशी राह्यते, ते मले समजून सांग. मी पुरी वायरिंग बदलली, पण माहं चुकलं कुठं तेच मले नाही समजलं. तसंच मेलो तं बरं नाही वाटणार."

मी बघतच राहिलो. सत्तरी ओलांडलेला माणूस. माझ्या जन्माआधी खांबावर चढलेला.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी वही घेतली आणि पहिल्या पानावर आकृती काढली.

दोन दिवस काका रोज सकाळी दहाला यायचे आणि मी त्यांना शिकवायचो. इन्व्हर्टर म्हणजे काय, कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त कसा होतो. जे सांगत होतो ते खरंच होतं, पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ऐकत होते तो प्रश्नच मी बनवलेला होता. ते सावकाश अक्षरात सगळं उतरून घ्यायचे. मध्येच थांबून म्हणायचे, "पण मंग वायर जाड होती ना माही?" मी म्हणायचो, "होती, काका." ते म्हणायचे, "अन् जॉइंट तं घट्ट होते." मी म्हणायचो, "असतील." ते वहीत बघत बसायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून तारेचा एक तुकडा काढला. जुन्या वायरिंगमधला, जॉइंटसकट. तो त्यांनी काउंटरच्या काचेवर ठेवला आणि माझ्याकडे सरकवला.

"तुह्ये डोळे तरणे हायेत," ते म्हणाले. "तू पाह्य. कुठं तापला हे, मले दाखव."

तांबं अजून लखलखीत होतं. वीस वर्षांची पिळलेली गाठ, वेढ्याला वेढा लागून. काळं पडल्याची खूण कुठेच नव्हती. मी तो तुकडा हातात घेतला आणि मला तो खाली ठेवता येईना.

"काका, हा कधीच तापला नव्हता," मी म्हणालो.

"नाही कसा? तू म्हटलं होतं ना."

"मी खोटं बोललो होतो."

मग सगळं सांगितलं. पंप नव्हता इथपासून. व्हॅक्यूम केलं नव्हतं, झालं म्हणून सांगितलं. सांधा गळत होता, तो दिसू नये म्हणून तुम्हाला मीटरपाशी उभं केलं. मशीन मी चालूच केलं नव्हतं. तुमच्या घरी काय झालं ते मला तेव्हाच काकूंकडून कळलं होतं, तरी इतके महिने आलो नाही. बोलताना मी काचेकडे बघत होतो.

काकांनी माझ्या हातातून तो तुकडा घेतला आणि गाठीवरून अंगठा फिरवला. रस्त्यावरून मंडीकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "नट ढिला होता, का नळीचं तोंड खराब झालतं?"

"तोंड. कीस काढला नव्हता."

"हं." त्यांनी मान हलवली, जशी कामावर कारण सापडल्यावर हलवतात. आणि मग चेहरा बदलला. "मंग मले वरून तसं सांगता नव्हतं येत? 'काका, माहं चुकलं' एवढंच? मी काय खाऊन टाकलं असतं तुले?"

"नाही, काका."

"चार दिवस, बे! चार दिवस मी लेकराले उकाड्यात ठेवलं. रडे ते. मी म्हणो, रडू दे, जळण्यापरीस बरं."

त्यांनी मला याआधी कधी 'बे' म्हटलं नव्हतं.   मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही मला सांगता येणार नाही. ते उठले, तारेचा तुकडा पिशवीत टाकला. वही तिथेच ठेवली.

पायरी उतरून परत वळले. "गल्लीत मी माह्या तोंडानं सांगतलं होतं, का माही वायरिंग खराब निघाली. रविवारी सकाळी विहारात लोक जमते. तू ये. तुह्या तोंडानं सांग."

रविवारी मी गेलो. वंदना झाल्यावर काकांनी मला पुढे बोलावलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. तीस-चाळीस माणसं असतील. सगळं सांगितलं.  सांगून झालं तसा मागून एक जण हसला, म्हणाला, "अरे मिस्त्री, एवढंच होय! आमाले वाटलं काय झालं बाप्पा." दोघं-तिघं आणखी हसले. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. एका बाईनं विचारलं, कोणती वायरिंग? त्यांना आठवतच नव्हतं. गल्ली केव्हाच विसरून गेली होती. एकटे काका ते घेऊन सहा महिने पडून होते.

काका भिंतीशी बसले होते. ते हसले नाहीत. पण बाहेर निघताना एका म्हाताऱ्यानं त्यांना विहाराचा बाहेरचा दिवा लागत नाही म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "पाह्यतो उद्या." एवढं माझ्या कानावर आलं.

तिथून मी त्यांच्या घरी गेलो. काकूंना वेगळं सांगणं भाग होतं. काकांनी आधीच सांगितलं होतं बहुतेक, कारण काकूंनी मला आत या म्हटलं नाही. मी ओट्यावर उभा राहून बोललो. त्या दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात पिठाचे.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या काकाचं तं झालं भाऊ. यायले समजलं, का आपले हात चांगले हायेत. आता जेवतीन, झोपतीन. पण माह्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. मी तिचं डोकं एकदाच न्हाऊ घातलं. ते आता कुठून आणता तुमी?"

  त्या आत गेल्या. दार आपटलं नाही, हळूच लोटलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मी सर्व्हिसिंगसाठी फोन केला. काकूंनी उचलला. "झालं ते," म्हणाल्या. दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याच्याबद्दल मी काही विचारलं नाही.

काका मात्र येतात अधूनमधून. बाकावर बसतात, पेपर वाचतात, माझं एखादं जोडकाम हातात घेऊन बघतात आणि खाली ठेवतात. विहाराची रोषणाई त्यांनी परत सुरू केली. पण काम झालं की दुसऱ्या कोणाला तरी बोलावून म्हणतात, तू एकदा पाहून घे. आधी असं म्हणत नसत, हे मला गल्लीतल्यांनी सांगितलं. मशीनची पुस्तिका वाचून त्यांनी मला पुन्हा काही विचारलेलं नाही. मी काही सांगितलं की ते ऐकतात, आणि मग क्षणभर माझ्या तोंडाकडे बघतात.

गेल्या महिन्यात लेक माहेरी येऊन गेली म्हणाले. नात आता धरून धरून चालते, सगळ्या बटणांकडे हात करते, म्हणून खालची बटणं त्यांनी वर घेतली. सांगताना चेहरा खुलला होता. मी म्हटलं, "छान, काका." घरी ये, पाहून जा, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.